सेकंडहँड मॅच रायफल चौदा वर्षांच्या पोरीसाठी बसवताना: काय ठेवलं, काय उतरवलं

१ जून २०२५

वापरलेली टेन मीटर मॅच रायफल (दहा मीटरवरच्या नेमबाजी स्पर्धेची एअर रायफल) घेऊन ती माझ्या पुतणीला, सईला, बसेल अशी करायची, एवढंच हे काम. नोंदी टाकतोय कारण सांगली-मिरज-जयसिंगपूर भागात गेल्या वर्षभरात असं जुनं सामान घेणारे पालक लय वाढलेत आणि जो तो फोटोत बघून पार्ट मागवतोय. सई आतापर्यंत क्लबच्या रायफलवर ओपन साईटला खेळायची, आता कोच सरांनी सांगितलं की पीप साईटला घ्या (मागच्या बारीक भोकातून बघून पुढच्या रिंगमध्ये टार्गेट धरायचं), म्हणून ही खरेदी.

रायफल जर्मन बनावटीची, अॅल्युमिनियम स्टॉक (दस्ता), प्रीचार्ज सिलिंडर (आधीच दाबानं हवा भरून ठेवायचा). पुण्यातल्या एका घरातून १ लाख ३५ हजाराला घेतली, त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला गेला आणि खेळ सुटला. घेताना सगळ्यात आधी सिलिंडरवरची बनवल्याची तारीख बघितली. त्याला दहा वर्षांची मुदत असते आणि ती संपली की मॅचच्या इक्विपमेंट चेकिंगला अडवतात, नवीन सिलिंडरचा खर्च मग वेगळा. हिच्यावर २०२० आहे, म्हणजे निवांत. लायसन्सचं बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणं ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असली तर लायसन्स लागत नाही, आणि मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या आसपासच असते. बिल आणि ओळखपत्र मात्र कायम सोबत ठेवा.

रायफलसोबत एक भरलेला डबा मिळाला आणि खरं काम त्या डब्यानंच काढलंय. बॅरलपुढं लावायची लाल कार्बन ट्यूब, ट्यूबवर सरकणारी तीन वजनं, साईट उंच करायचे दोन ब्लॉक, फिरवून लहानमोठी होणारी फ्रंट रिंग, मागच्या साईटला आयरिस (भोक लहानमोठं करणारी) आणि त्यात रंगीत फिल्टरची चकती, फ्रंट टनेलमध्ये (पुढच्या साईटच्या नळकांड्यात) बसणारी पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल. सगळं लावलं की रायफल दिसते भारी, क्लबमधली पोरं भोवती गोळा झाली. सईला ट्यूब फार आवडली, "काका, ही काढू नका हं" असं दोनदा म्हणाली.

ठरवलंय ते असं, की सगळं उतरवायचं आणि एकेक वस्तू परत लावताना ती कशासाठी लागते याचं उत्तर टार्गेटवर नाहीतर सईच्या उभं राहण्यात दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर ती वस्तू विकायची. एका वेळी एकच बदल.

४ जून

कुपवाड एमआयडीसीत आमच्या वर्कशॉपमध्ये काट्यावर वजन केलं. मिळाली तशी ५.२ किलो. टेन मीटरला नियमात ५.५ किलोपर्यंत चालतं, म्हणून विकणाऱ्यानं "लिगल आहे" असं सांगितलं होतं आणि ते खरंच आहे, पण सईचं स्वतःचं वजन ४२ किलो आहे. ट्यूब क्लॅम्पसकट २१० ग्रॅम, तीन वजनं मिळून २१०, दोन ब्लॉक ६०, लेव्हल आणि फिल्टरची चकती ४०. हे सगळं काढल्यावर ४.६८.

आकड्यापेक्षा वजन कुठं आहे हे जास्त महत्त्वाचं निघालं. स्टँडिंगला डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफल त्या हातावर नुसती ठेवलेली असते, स्नायूंनी धरलेली नसते. वजन हाताच्या पुढं गेलं की रायफल पुढं ओढते आणि ती सावरायला पोरगी पाठ आणखी मागं वाकवते. सगळं लावून आडव्या रॉडवर तोल बघितला तर बॅलन्स पॉईंट तिच्या डाव्या हाताच्या चांगला चार बोटं पुढं येत होता. वाढत्या वयात रोज दोन तास असं उभं केलं तर कमरेचं दुखणं ठरलेलंच. काढल्यावर पॉईंट हाताच्या बरोबर वर आला.

रायफल हाताळताना केशरी सेफ्टी फ्लॅग चेंबरमध्ये घालूनच सगळं काम, वर्कशॉपमध्ये असलं तरी.

८ जून

आज साईटला हातच लावला नाही, आधी स्टॉक. हा क्रम सगळे उलटा करतात, आधी साईट लावतात आणि मग पोरगं मान वाकडी करून त्यात डोळा घालतं.

पद्धत साधी आहे. सईनं डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. मान न हलवता सरळ भोकातून दिसलं पाहिजे. पहिल्या वेळी तिला डायॉप्टरची, म्हणजे मागच्या भोकाच्या साईटची, नुसती खालची कड दिसत होती. खांद्याला टेकणारी बट प्लेट आधीच्या उंच मुलासाठी लांब ठेवलेली, ती पूर्ण आत घेतली, तरी थोडी लांब वाटत होती म्हणून मधला एक स्पेसर काढला. मग प्लेट खाली सरकवली, म्हणजे रायफल वर आली. मग चीक पीस, जिथं गाल टेकतो ती. प्रत्येक बदलानंतर परत डोळे मिटून. सकाळ यातच गेली आणि सईला कंटाळा आला, पण याला शॉर्टकट नाही.

ब्लॉक मला नको होते, वाटलं होतं ही दिखाऊ गोष्ट आहे. पण सईची मान लांब आहे, ब्लॉकशिवाय ती डोकं पुढं आणि खाली घालत होती, आणि डोकं कललं की तोल सांभाळणं अवघड जातं, कारण तोलाचं यंत्र कानाच्या आत असतं आणि ते डोकं सरळ असताना सगळ्यात नीट चालतं. १० मिमीचे ब्लॉक पुढं-मागं दोन्हीकडं लावले आणि चीक पीस तेवढाच वर घेतला. मान सरळ झाली ते लांबून बघणाऱ्याला पण कळत होतं. म्हणजे ब्लॉक राहिले.

डोळा आणि मागची साईट यातलं अंतर टेपनं ४ सेंटीमीटर भरलं, पापणी रबराला लागत होती. साईट रेलवर पुढं सरकवून ६ केलं.

१४ जून

फ्रंट रिंग. पीप साईटमध्ये याच्याइतकी स्वस्त आणि याच्याइतकी दुर्लक्षित दुसरी वस्तू नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमी, अंतर १० मीटर. फ्रंट रिंग डोळ्यापासून साधारण ९० सेंटीमीटरवर असते. साध्या त्रैराशिकानं तो काळा गोल रिंगच्या जागी २.७५ मिमीचा दिसतो. आधीच्या मुलानं रिंग ३.६ वर ठेवलेली. म्हणजे काळ्याभोवती पांढरी कड जेमतेम ०.४ मिमी. आणि ट्यूब लावली की रिंग डोळ्यापासून मीटरभराच्या पुढं जाते, तिथं काळा ३.२ चा दिसतो, म्हणजे त्याच ३.६ च्या रिंगमध्ये कड राहते ०.२. ट्यूब लावणारे निम्मे लोक रिंग बदलतच नाहीत.

कड बारीक असली की नेम जास्त बारीक लागतो असं पोरांना वाटतं, मोठे खेळाडू बारीक रिंग वापरतात असं पण कुणीतरी सांगितलेलं असतं. सईच्या हातात रायफल हलते, कुणाच्याही हलते, आणि रिंग बारीक असली की काळा गोल सतत कडेला चिकटतो. मग ती थांबते, परफेक्ट दिसायची वाट बघते, दहा-बारा सेकंद होतात, डोळ्याला तेच चित्र चिकटून बसतं, श्वास संपतो आणि मग ट्रिगर ओढला जातो. आज तिच्या मागं उभं राहून मी सेकंद मोजत होतो. ३.६ ला शॉट सुटायला पंधरा सेकंद सुद्धा लागले. ४.० ला कमी. ४.४ ला सहा-सात सेकंदात सुटायला लागले आणि खांद्याचा ताण उतरला. ४.८ ला मात्र ती म्हणाली, "काका, मधोमध आहे का नाही तेच कळत नाही," म्हणून परत ४.४.

फिरणारी रिंग इथं कामाला आली. साइज शोधायला तिच्यासारखं काही नाही, नाहीतर प्रत्येक मापाची चकती घालत-काढत बसावं लागलं असतं. ठेवली. पण क्लबमध्ये कुणीही येऊन फिरवून बघतं, म्हणून ४.४ वर आणून कडेला नेलपॉलिशची रेघ मारली, अर्धी रिंगवर, अर्धी टनेलवर. रेघ तुटली की कळतं.

२२ जून

हा रविवार पूर्ण गेला.

टेबलावर टेकवून ग्रुप, म्हणजे शॉट किती जवळजवळ पडतात ते, बघत होतो. दहा शॉट, व्हर्नियरनं बाहेरून बाहेर ६ मिमी, झकास. मग सईनं रायफल उचलली, स्टँडवर ठेवली, थोडं ड्राय (पेलेट न घालता सराव) केलं, परत टेबलावर आणली, आणि ग्रुप तितकाच घट्ट पण ४ मिमी डावीकडं. साईटच्या चाकाचे क्लिक मारून मधे आणला. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली, आता ग्रुप उजवीकडं. टार्गेटवर अडीच मिलीमीटर सरकलं की एक अख्खा पॉईंट जातो, म्हणजे ४ मिमी म्हणजे पोरीनं काहीच चूक न करता दीड पॉईंट गेला.

आधी पेलेटवर (छऱ्यांवर) संशय, दुसरा डबा उघडला, तेच. मग डायॉप्टरवर, क्लबच्या रायफलची मागची साईट काढून हिच्यावर लावली, तेच. सर म्हणाले हिचा गाल दर वेळी वेगळा टेकतोय, म्हणून मी स्वतः झाडून बघितलं, तेच. पेलेटचा जवळजवळ अख्खा डबा आणि दिवस यात संपला.

संध्याकाळी फ्रंट टनेल, ब्लॉक आणि बॅरलवरची रेल या तिघांवरून बारीक पेन्सिलनं उभी एक रेघ मारली. सईला सांगितलं नेहमीसारखी उचल. ती रायफल स्टँडवरून उचलताना डावा हात टनेलला लावते, सगळी पोरं लावतात. दोन-तीनदा उचलल्यावर भिंगातून बघितलं तर ब्लॉकवरची रेघ आणि रेलवरची रेघ एकमेकींपासून केसभर सरकलेली. ब्लॉक हलत होता. स्क्रू मात्र एकदम टाईट, एलन की जागची हलत नव्हती.

कारण स्क्रूच्या लांबीत होतं. ब्लॉकमध्ये एम ४ चा १२ मिमी स्क्रू, आणि आतलं भोक त्याला १० मिमीच खोली देत होतं. स्क्रू तळाला टेकून टाईट लागत होता, क्लॅम्पची पकड रेलवर बसतच नव्हती. कधीतरी हरवलेल्या स्क्रूच्या जागी मिळेल तो घातलेला असणार. वर्कशॉपमध्ये २ मिमी घासून कमी केला, टोकाची बुर काढली, निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा) थेंबभर, दाबून बसवला. खर्च शून्य.

त्यानंतर ग्रुप हलला नाही. पेन्सिलची रेघ तशीच ठेवलीय. तुमच्याकडं एकावर एक असे जितके ब्लॉक, अॅडॉप्टर आणि क्लॅम्प असतील तितक्या जागा सुटायला तयार आहेत हे धरून चाला, आणि प्रत्येक जोडावर रेघ मारा. साईटचे क्लिक फिरवत बसण्याआधी ही रेघ बघा.

२९ जून

पाऊस लागून राहिलाय, दुपारी तीनला संध्याकाळ वाटते, आणि आमच्या रेंजवर जुन्या ट्यूबलाईट. हीच खरी परीक्षा म्हणून आज आयरिस आणि फिल्टर.

आयरिसचं भोक बारीक केलं की टार्गेट आणि रिंग दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात, म्हणून नवीन खेळाडू ते बारीक करत जातात. पण उजेड कमी होतो आणि एका मर्यादेनंतर उलट चित्र मऊ पडतं, प्रकाशच कडेला पसरतो. ०.८ मिमीला सईला काळा गोल करडा दिसत होता. १.० बरा. १.२ ला पांढरी कड झगझगीत आणि रिंग पुरेशी तीक्ष्ण. आजच्या उजेडात १.२, लख्ख उजेडाच्या रेंजवर १.०. आयरिस ठेवली, कारण आमच्याकडं दर महिन्याला उजेड बदलतो.

फिल्टरच्या चकतीत पिवळा, नारिंगी, हिरवा, दोन करडे. पिवळ्यानं कॉन्ट्रास्ट वाढतो हे खरं आहे आणि सईला पहिल्या पाच मिनिटांत तो आवडला सुद्धा. पण प्रत्येक काच थोडा उजेड खातेच आणि आमच्याकडं उजेडाचीच टंचाई. वर चकतीच्या काचांवर दमट हवेत वाफ धरत होती, दर थोड्या शॉटनंतर पुसायचं. शिवाय, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकलं, शॉट वाईट गेला की तिचा हात लगेच चकतीकडं जायचा, हा रंग नाही तो रंग. वाईट शॉटचं कारण रंगात शोधायची सवय लागली तर ती मोडायला वर्ष जाईल. चकती काढली. ऊन अंगावर येणाऱ्या रेंजवर करडी काच उपयोगी पडते, तेव्हा लागली तर लावू, विकलेली नाही.

चष्म्यावाल्या पालकांसाठी एक गोष्ट. नंबरची काच रायफलच्या साईटवर लावायला परवानगी नाही, ती चष्म्यातच पाहिजे. चष्मा असा हवा की रायफल लावल्यावर डोळा काचेच्या मधोमध येईल. नेहमीच्या चष्म्यातून पोरं कोपऱ्यातून बघतात आणि मग दोष साईटला जातो.

६ जुलै

आषाढी, रेंज बंद, घरी ड्राय. आमच्या हॉलमध्ये ४ मीटर मिळतात, म्हणून भिंतीवर १२.२ मिमीचा काळा गोल चिकटवलाय, रिंगमध्ये तो रेंजइतकाच दिसतो. तुमच्या घरात जेवढे मीटर असतील त्याला ३.०५ नं गुणा, तेवढ्या मिलीमीटरचा गोल कापा.

डाव्या डोळ्यावरचा ब्लाइंडर. बाजारात काळे, रंगीत, नाव छापलेले मिळतात. डावा डोळा काळ्यानं झाकला की त्याची बाहुली मोठी होते, आणि दोन्ही बाहुल्या जोडीनं हलतात, त्यामुळं नेमाचा डोळा पण बिघडतो. एक डोळा मिटून धरला तर चेहऱ्याचा स्नायू थकतो. म्हणून दोन्ही डोळे उघडे आणि डाव्यापुढं दुधी, उजेड येऊ देणारा पडदा. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण ३० मिमी रुंद पट्टीत कापलं, नियमात तेवढीच रुंदी चालते, कडा काचपेपरनं घासल्या. सईची मैत्रीण म्हणाली हे कसलं लावलंय, सई जरा हिरमुसली. मी तिला काळा लावून आरशात स्वतःच्या उजव्या डोळ्याची बाहुली बघायला सांगितली, मग दुधी लावून. तिनं स्वतः बघितलं, विषय संपला.

बुडबुड्याची लेव्हल. रायफल कलली तर शॉट बाजूला जातो हे बरोबर, पण किती? १७० मीटर सेकंदाच्या वेगानं पेलेट १० मीटरला जाईपर्यंत दीड-पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो. एक अंश कललं तर बाजूला जाणारं अंतर साधारण ०.३ मिमी, म्हणजे ०.१ पॉईंटच्या आसपास. त्यात सईच्या अंगाची ठेवणच अशी आहे की रायफल थोडी आत कलते आणि ते चालतं, फक्त रोज सारखीच कलली पाहिजे. लेव्हल लावली की तिची नजर काळा गोल सोडून बुडबुड्यावर जात होती. काढली. सर पाठीमागून महिन्यातनं एकदा फोटो काढतात, कलण्याचा कोन त्यातच दिसतो.

१३ जुलै

आज हुकवरून बराच वेळ बोलणं झालं. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला ४५१.४ स्कोअर करून ब्राँझ आणलं, आणि तेव्हापासून या भागातल्या प्रत्येक क्लबात पोरांच्या मोबाईलवर ते फोटो आहेत. चांगलंच आहे, त्याच्यामुळंच निम्मी पोरं रेंजवर आली. पण त्याचा इव्हेंट ५० मीटर थ्री पोझिशन, नीलिंग, प्रोन, स्टँडिंग, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं. त्या रायफलला ८ किलोपर्यंत परवानगी, बट प्लेटला काखेखाली जाणारा हुक चालतो, खाली पाम रेस्ट (हातात धरायचा आधार) चालते, गोळी पॉईंट टू टू ची. टेन मीटर एअर रायफलला हुक चालत नाही, पाम रेस्ट चालत नाही. आमच्या क्लबातल्या एका पालकांनी फोटो बघून हुकवाली बट प्लेट मागवली होती आणि जिल्हा मॅचच्या चेकिंगला ती काढायला लागली, मॅचच्या सकाळी, पोराची पूर्ण पोझिशन बदलली. त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यापुढं आहे. एखादी वस्तू घ्यायच्या आधी ती कुठल्या इव्हेंटची आहे हे सरांना विचारा, एवढी कळकळीची विनंती.

तोलाचं उरलेलं काम पण केलं. सगळं काढल्यावर रायफल सईला पुढून जरा जास्तच हलकी वाटायला लागली होती, शॉट सुटताना नळी उडते म्हणाली. तीनपैकी एक वजन, ७० ग्रॅम, ट्यूबच्या जागेवर न लावता डाव्या हाताच्या जरा पुढं स्टॉकखाली बसवलं. नळी शांत झाली, पाठीवर काही आलं नाही. एकूण ४.८१ किलो. दुसरं वजन लावून बघितलं, अर्ध्या तासात खांदा पडायला लागला, काढलं.

२० जुलै

पेलेट. तीन प्रकार, ४.४९ आणि ४.५० हेड साइज, सगळे चपट्या तोंडाचे, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे. टेबलावर टेकवून ग्रुप घेतले. मधल्या किमतीचा ४.५० वाला सगळ्यात घट्ट, ५.५ मिमी. महागडा सोनेरी डब्यातला ७ च्या खाली येईना. दुसऱ्या रायफलला कदाचित तोच चांगला बसेल, हे नळीगणिक बदलतं. चांगल्या निघालेल्या बॅचचे डबे एकदम घेऊन ठेवले.

२७ जुलै

ट्यूबचा निकाल. सईला न्याय मिळावा म्हणून तिच्या समोरच परत लावली, आणि नीट लावली, रिंग ट्यूबच्या अंतराला साजेशी ५.० वर नेऊन, झिरो पुन्हा करून, म्हणजे शॉट मधोमध पडतील अशी साईट जुळवून. सकाळी ताज्या अंगानं ट्यूबसकट ४० शॉट, ३९१.८. तासाभराची विश्रांती, खाणं, मग ट्यूबशिवाय ४०, दमलेली असताना, ३९४.६. एका दिवसाच्या आकड्यावरून शपथ घेता येत नाही, पण कागदापेक्षा तिच्याकडं बघून जास्त कळलं. ट्यूबनं शेवटच्या दहा शॉटला ती रायफल मधेच खाली घेत होती, परत उचलत होती. ट्यूबशिवाय तसं एकदाही नाही.

ट्यूब वाईट वस्तू नाही हे पण लिहून ठेवतो. पेलेट तर आतल्या छोट्या नळीतूनच सुटतो, ट्यूब फक्त फ्रंट साईट पुढं नेते. दोन साईटमधलं अंतर वाढलं की साईट जुळवण्यातली चूक टार्गेटवर कमी उमटते, आणि रायफलच्या यंत्रणेच्या मागच्या टोकापासून ट्यूबच्या टोकापर्यंत ८५० मिमीच्या मर्यादेत असेल तर नियमात पण बसते. सत्तर किलोचा, स्थिर उभा राहणारा खेळाडू तिचा फायदा घेईल. सईची चूक साईट जुळवण्यात नाही, उभं राहण्यात आहे, आणि ट्यूब त्याच ठिकाणी ओझं घालते.

सईनं स्वतःच सांगितलं विकून टाका. मिरजेच्या एका कॉलेजच्या मुलानं ११ हजाराला घेतली, तो सव्वासहा फूट आहे, त्याला शोभते आणि बसते पण. लेव्हल आणि उरलेली दोन वजनं त्यालाच दिली, आणखी १५०० आले.

३ ऑगस्ट

त्या पैशात जॅकेट. आतापर्यंत सई मोठ्या मुलीचं उसनं घालत होती, खांद्यात ढगळ, बटणं लावूनही बोटं आत जायची. टेन मीटर रायफलमध्ये जॅकेटनं पाठीला जो आधार मिळतो तो कुठलीच साईट देत नाही, आणि तरी पालक आधी साईटवर खर्च करतात कारण साईट फोटोत दिसते. कॅनव्हास आणि लेदरचं, मापानं शिवून, १४ हजार. कापडाची जाडी एका थराला २.५ मिमीच्या आत लागते, चेकिंगला जाडीबरोबर ताठपणा पण मोजतात, म्हणून शिवणाऱ्याकडून आधीच मोजून घेतलं. वाढतं वय आहे म्हणून शिवणीत कापड सोडायला लावलं आणि बटणं सरकवता येतील अशी. रंग सईनं निवडला, गडद निळा आणि केशरी. रंगाला ग्रॅमभर वजन नाही, त्यात मी काही बोललो नाही.

आतापर्यंतचा हिशोब: रायफल १,३५,०००. जॅकेट १४,०००. पेलेट, चाचणीसकट, ६,४००. थ्रेडलॉक, काचपेपर, किरकोळ ३५०. विक्रीतून परत १२,५००. साईटवर नवीन खर्च काहीच नाही. नवीन जॅकेटमुळं स्टॉकची लांबी आणखी ५ मिमी कमी करावी लागली आणि डोळ्याचं अंतर पुन्हा मोजलं, हे लक्षात ठेवा, जाडी बदलली की लांबी बदलते.

१० ऑगस्ट

पूर्ण मॅच, ६० शॉट, ७५ मिनिटं, साईटर (स्कोअरमध्ये न धरायचे सुरुवातीचे शॉट) वेगळे. १२ मिनिटं शिल्लक ठेवून संपवली, याआधी तिची वेळ पुरत नव्हती. शेवटच्या दहा शॉटचा ग्रुप पहिल्या दहाइतकाच होता, फक्त दोन शॉट खाली गेले, दोन्ही वेळा तिनं श्वास धरून ठेवला होता, तिनंच सांगितलं.

बॉक्सच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय: रिंग ४.४, आयरिस अंधाऱ्या रेंजवर १.२ आणि लख्ख उजेडात १.०, डोळा ६ सेंटीमीटर, चीक पीस आणि बट प्लेटच्या खुणा कितव्या रेघेवर, वजन ४.८१, पेलेटचा बॅच नंबर, सिलिंडर २०० बारला भरायचा. आणि घरच्या झिरोपासून बालेवाडीच्या रेंजवर गेल्यावर किती क्लिक लागतात त्याची जागा रिकामी ठेवलीय, ती तिथं गेल्यावर भरायची.

आता राज्य स्पर्धेपर्यंत रायफलला एलन की लावायची नाही असं सरांशी ठरलंय. पेन्सिलची रेघ आणि नेलपॉलिशची रेघ रोज सुरू करायच्या आधी बघायची, बाकी ड्राय आणि शॉट. पुढची नोंद स्पर्धा झाल्यावर, बालेवाडीचे क्लिक घेऊन.